शनिवारच्या रात्रीची दहा तारीख

रामदासपेठ, नागपूर
४ जानेवारी १९८२

चि. सौ. गोपिका हिस,
अ. उ. आ. माझ्या भावाला सांग की बहीण जिवंत आहे आणि पत्राला उत्तर न देणाऱ्यांवर रागावलेली आहे. म्हणून हे पत्र त्याच्या बायकोला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी निकाल दिला. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्यातला मोतीबिंदू पिकत आला आहे, फेब्रुवारीत ऑपरेशन. नंतर कितपत दिसेल म्हणून विचारलं तर बघू म्हणाले. बघायचं मला आहे, तुम्हाला नव्हे, असं ऐकवून आले.

त्याआधी मला एक चंद्रग्रहण पुरतं बघायचं आहे. एकतीस वर्षं वर्गात कंदील, संत्रं आणि लिंबू घेऊन मी पोरींना ग्रहण शिकवलं, आणि स्वतः एकही पाहिलं नाही. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर नऊ वाजता दाराला कडी घालायच्या. सुटीत भिवापूरला आले की आई घालायची. पुढे सकाळी सातची शाळा. आता कडी माझ्या हातात आहे. पेपरात आलं आहे, दहा तारखेला मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता चंद्र पूर्ण झाकणार. गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली. तूही जरा बाहेर ये. चंद्र चावत नाही.

लोभ असेल नसेल, उत्तर असावं.
तुझी यमुताई


भिवापूर
६ जानेवारी १९८२

ती. यमुताईंस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसले, अन् मिरचीच्या तोड्याला निघून गेले. उत्तर कोण लिहिणार ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ताई, रागावू नका, पण पंचांगात ग्रहण शनिवारी रात्री आहे. शनिवार म्हणजे नऊ तारीख. तुम्ही दहा म्हणता. आईंनी तर सांगून टाकलं की शनिवारी दुपारपासून वेध, चूल बंद. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमचं चुकायचं नाही. तरी वरच्या मजल्यावरच्या देवरावांना एकदा विचारून घ्या ना.

बाहेर यायचं म्हणता, पण आई अजून दाराजवळच बसतात. ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या तरी कडीवरचा हात काही हलत नाही.

डोळा जपा. आमच्यावरची माया आहे तशी ठेवा, रागासकट.
तुमची गोपिका


नागपूर
१० जानेवारी १९८२, रविवार दुपार

चि. गोपिका हिस,
आशीर्वाद. पंचांग शनिवार म्हणतं आणि पेपर दहा तारीख म्हणतो, तेव्हा कोण चुकलं ते तूच ठरव. देवरावांना काय विचारायचं? ते वर राहतात, एवढंच त्यांचं आकाशाशी नातं.

आज रात्री जागायचं म्हणून काल झोप साठवावी, असा विचार करून साडेआठलाच पडले. एकच्या सुमारास गच्चीवर धाडधाड पावलं, पोरांचा गलका. खिडकी उघडली तर अंगणात मिट्ट काळोख. ढग आले असावेत, आज न आले म्हणजे मिळवली. मी खिडकीतूनच सुनावलं की सभ्य माणसं या वेळी झोपलेली असतात, चूप बसा. मग कानात कापूस घालून झोपले.

कांताबाई आज कामाला आलीच नाही. भांडी घासून हात गारठले, तरी थर्मास, शाल आणि डोळ्याचे थेंब तयार ठेवले आहेत. उद्या सविस्तर लिहीन. तुझ्या पंचांगाला नमस्कार सांग.
यमुताई


नागपूर
११ जानेवारी १९८२

गोपिका,
मायना घालण्याइतकी मी शांत नाही.

बारापासून खुर्चीत बसले होते. पाऊण वाजला, एक वाजला, दीड वाजला. चंद्र पांढराशुभ्र, कुठे ओरखडा नाही. शेवटी देवरावांचं दार ठोठावलं. मफलर गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, ग्रहण तं कालच सुटलं ना बाई. आमी सारे पाहूनच राहिलो होतो, तं तुमीच खिडकीतून चूप बसा म्हनलं. आमाले वाटलं, तुमाले पाहाचंच नाही.

रात्री बाराला तारीख बदलते, हे मीच पोरींना पाठ करायला लावत असे. शनिवारची मध्यरात्र उलटली की दहा तारीखच लागते. पेपर बरोबर, पंचांगही बरोबर. म्हणजे तो काळोख ढगांचा नव्हता. मी ग्रहणाखाली खिडकीत उभी होते, आणि मान वर करायचं सोडून लोकांना झोपायला सांगत होते. या वेळी कडी कुणीही घातली नव्हती.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर हसू नकोस.
य.


भिवापूर
१४ जानेवारी १९८२

ती. यमुताईंस,
शि. सा. न. वि. वि. तिळगूळ सोबत पाठवते आहे, खा अन् स्वतःशी थोडं गोड बोला. मी हसले नाही. हे हसले, त्यांना मी बोलले.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. शनिवारी रात्री मी आत बसले होते. बाराला आईंनी स्वतः उठून कडी काढली. मी म्हटलं, काहून उठल्या? तर म्हणाल्या, यमूले मी कधी पाहू देलं नाही. आता तिचे डोळे चालले. तू पाह्य अन् तिले लिही. त्या स्वतः मात्र आतच बसून राहिल्या.

म्हणून लिहून राहिले. आधी कडेनं कुरतडल्यासारखा दिसला, मग सगळा झाकला गेला. पण नाहीसा झाला नाही, ताई. तांबडा दिसत होता. अंगणात वाळत घातलेली मिरची शेवटच्या दिवशी काळपट लाल होते ना, तसा. चांदण्या एकदम वाढल्या. मला भीती वाटली नाही, थंडी मात्र फार वाजली.

ऑपरेशनच्या वेळी मी येते. नको म्हणालात तरी येणार आहे.
तुमची गोपिका


नागपूर
८ एप्रिल १९८२

चि. सौ. गोपिका हिस,
अ. उ. आ. पट्टी सुटल्यावर माझ्या हातचं हे पहिलं पत्र. ओळी वाकड्या असतील, त्या डॉक्टरांच्या नावावर घाल. या जाड भिंगातून सगळं मोठं दिसतं, देवरावांचं डोकंसुद्धा. कडेचं काहीच दिसत नाही, पायरी चुकते, चहा बशीत पडतो. चिडचिड विचारू नकोस. तू इथे होतीस तेव्हा मी काय काय बोलले ते विसर. पट्टीच्या अंधारात तुझं मिरचीचं पत्र मी तुझ्याकडून चारदा वाचून घेतलं, तेवढं लक्षात ठेव.

काल सीताबर्डीवर जाऊन आयुष्यात पहिल्यांदा पंचांग विकत घेतलं. दुकानदाराला वाटलं, घरात लग्न आहे. त्यात तीस डिसेंबरला, गुरुवारी, ग्रहण आहे. चंद्र उगवतानाच ग्रासलेला असेल आणि संध्याकाळीच सुटेल, म्हणजे मध्यरात्रीची भानगड नाही. तरी मी त्याआधीच्या सोमवारीच भिवापूरला येते. माझ्यावर माझा भरवसा उरलेला नाही.

अंगणात, पूर्वेकडे तोंड करून, दोन खुर्च्या टाक. दुसरी आईसाठी. इतकी वर्षं मला आत ठेवायला तीही आतच बसली होती, तिनेही कधी पाहिलेलं नाही. कुरकुर करील, तिकडे लक्ष देऊ नकोस. कडी मी काढीन.

तोवर तुम्हा सगळ्यांचा लोभ सांभाळून ठेवा, डिसेंबरात मोजून घेईन.
तुझी यमुताई