एका बोर्डावर सगळं

मंगळवार, संध्याकाळचे सात, लालबाग

चार दिवस वही उघडायचं टाळतोय. बोर्ड तापतोय हे लिहिलं की खरं वाटायला लागेल म्हणून.

छपाईच्या धंद्यासाठी कॉम्प्युटर घरी आला तेव्हा एकच वायर होती. मग प्रिंटर आला, स्कॅनर, मोडेम, स्पीकर. परवा चोरबाजारात उगाच भटकताना दुसरा प्रिंटरही उचलला. सगळं एकाच बोर्डावर जोडलंय.

आज बाबांनी बोर्डाला उलटा हात लावला. मिलमध्ये मोटर तापली का ते असंच बघायचे. सरळ हात लावला नि शॉक बसला तर पंजा आवळतो, सुटत नाही.

"बंद कर रे ते. सुतळीला हत्ती बांधलायस."

"बाबा, समोरच्या सुमनताईच्या लग्नाच्या पत्रिका उद्या सकाळी द्यायच्यात. अर्ध्या राहिल्यात."

मिल गेल्यापासून ते कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाहीत. सांगितली असती तर बंद केलं असतं का मी? की 'ह्याचा हाही धंदा बसला' असं चाळ म्हणेल, त्याचीच जास्त भीती?

आत्ता मीही उलटा हात लावून बघितला. टिकत नाही. वायर भिंतीतून खालच्या मजल्यावर जाते, आणि चाळ सगळी लाकडाची. प्रिंटर मात्र पत्रिका काढतोच आहे.

दार वाजलं. खालची शेवंतीमावशी! तिचा नवरा मिलचा संप मोडून कामावर गेला, तेव्हापासून ती आमचा जिना चढली नव्हती. कडेवर नातू आहे. बाबांकडे न बघता मला म्हणतेय, "खाली ये आधी. पाळण्यामागची भिंत चटके देतेय."