दातिवरे नावाचा ग्रह

सर,

दातिवरे उपाशी मेलं त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत. दातिवरे म्हणजे तुमचं गाव नव्हे, तुमच्या खेळातला ग्रह. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला, सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत कमी पिकणारा. बोईसरच्या बाजारात सायकलच्या दुकानावर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, हिरव्या अक्षरांचे पडदे, दाराबाहेर चपलांचा ढीग. कारखान्यातलं स्टोअर्सचं काम सुटल्यावर तुम्ही तो काढलात आणि दोन बॅचच्या मधल्या वेळात, तीन वर्षं खपून, तो खेळ लिहिलात. चोवीस ग्रह आणि दोन राज्यं, एक आपलं, एक मशीनचं. प्रत्येक ग्रहापुढे माणसं किती, धान्य किती, जहाजं किती एवढे आकडे, आणि दर फेरीला ठरवायचं की कुठली जहाजं धान्य पोचवतील आणि कुठली लढायला जातील. ग्रहांना तुम्ही किनाऱ्यावरच्या गावांची नावं दिली होती. एडवण, माहीम, दातिवरे. मला ती नावं गावठी वाटायची. मी घाटावरून आलेल्या कामगाराची मुलगी, पालघरच्या कॉलेजात बीएस्सी करणारी, आणि माझ्या मते अवकाशातल्या जागांना कशी परकी, चमकदार नावं हवीत!

दुपारची बॅच सुटली की तुम्ही मला खेळायला बसू द्यायचात. पहिले पंधरा दिवस मी सपाटून हरले. मग ध्यानात आलं, मशीन भोळं आहे. ते आपल्या सगळ्या ग्रहांना सारखं धान्य वाटत बसतं, त्यामुळे लढायला त्याच्याकडे जहाजंच उरत नाहीत. एकदा हे कळल्यावर मी रोज जिंकायला लागले आणि गंमतच गेली. मी विचारलं, "सर, याला जरा हुशार करू का?" तुम्ही म्हणालात, "कर की. जुनी फ्लॉपी तेवढी बाजूला ठेव." आठवडाभर मी कॉलेज बुडवून बसले. मशीनला एकच गोष्ट शिकवली: जो ग्रह देतो कमी आणि खातो जास्त, त्याला काही पाठवायचं नाही.

शनिवारी तुम्ही खेळायला बसलात. मी मागे उभी. त्या डावात दातिवरे मशीनच्या वाट्याला आलेलं. पहिल्या फेरीला तिथली माणसं बाराशे होती, मग सातशे, मग दोनशे, मग शून्य, आणि ती ओळ पडद्यावरून पुसली गेली. वाचलेली सगळी जहाजं मशीननं तुमच्या माहीमवर घातली. पाऊण तासात तुम्ही हरलात. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. तुम्ही मशीन बंद केलंत, त्यावर कापड टाकलंत आणि जिना उतरून गेलात.

सोमवारी तुम्ही मला समोर बसवलंत. एरवी क्लासमध्ये तुमची भाषा पुस्तकी असायची, पण मन दुखलं की गावची बोली वर यायची. "तू त्याला जिंकायला शिकवलंस. चांगलं केलंस. पण दातिवऱ्यावर बाराशे मानसं हायेत गं. तशी नाय मारायची." मी म्हटलं, "सर, ते नुसते आकडे आहेत." तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला खाली बघावं लागलं. "स्टोअर्सला मी पण आकडेच लिवायचो. आकडा शून्य झाला की खिडकीवर सामान न्यायला आलेला मानूस रिकाम्या हातानं परत जायचा. मला त्याचं तोंड दिसायचं. तुला नाय दिसत, कारण तू खिडकीवर बसलेलीच नायस."

मला राग आला होता, सर. इतका, की पुन्हा क्लासला येऊच नये असं वाटलं. थांबले ती झाडलोटीला येणाऱ्या मावशींमुळे. त्या डोंगराकडच्या, दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जायचं, आणि त्या वर्षी गुडघ्यामुळे त्या एकट्याच मागे राहिल्या होत्या. आपलं भांडण त्यांनी केर काढता काढता ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "काय झाला गं? कोन मेला?" मी पडदा दाखवून सांगितलं की या जागेला धान्य मिळालं नाही म्हणून इथली माणसं संपली. त्या हसल्या. "बसून मरतील कशाला? उठून जातील ना. आमी नाय जात? जिथं पोट भरंल तिथं मानूस जातो." तुम्ही टेबलापाशी उभे होतात. आपण दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. धान्य तुटलं की माणसं शेजारच्या ग्रहावर निघणार, एवढं एकच वाक्य, पण त्यानं सगळा खेळ उलटापालटा झाला. शेजारच्या ग्रहावर गर्दी झाली की तिथलंही धान्य पुरेना. लोक खवळले की शत्रूच्या ग्रहावर जाऊ लागले. एकदा तर चूक होऊन माणसं निघाली आणि कुठे पोचलीच नाहीत, वाटेतच घिरट्या घालत राहिली. तुम्ही वहीत ग्रह काढताय, मी एकेक ओळ टाइप करतेय, आणि दाराशी बसलेल्या मावशी विचारतायत, "पोचली का मानसं?" आता मशीनला दातिवरे सोडून देणं परवडेना. तिथले लोक तुमच्याकडे येऊन तुमचंच बळ वाढायचं. मशीन जपून खेळायला शिकलं, आणि खेळ इतका अवघड झाला की तुम्हाला पहिला डाव जिंकायला चार दिवस लागले. त्या दिवशी तुम्ही पंचविसावा ग्रह वाढवलात आणि मावशींच्या पाड्याचं नाव त्याला दिलंत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "यो आमचा? मग पानी ठेवा त्याच्यावर."

मग पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत आली. तुम्हीच म्हणालात, "खेळ घेऊन जा, बोलण्यापेक्षा तो दाखव." खेळ सुरू झाला की पहिल्या पडद्यावर तुमचं नाव यायचं. निघायच्या आदल्या दुपारी मी ती ओळ काढली आणि माझं नाव घातलं. मुलाखत घेणारे तिघेही खेळात रमले, त्यांनी मीच सगळं केलंय असं धरलं आणि मी गप्प राहिले. नोकरी लागली. मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही माझी फ्लॉपी मागून घेतलीत, म्हणालात, "त्यांनी पाहिला तसा बघू दे." मला नाही म्हणता आलं नाही. पडदा उजळला. माझं एकटीचं नाव. तुम्ही ते वाचलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बस. पहिली चाल तुझी." त्या दिवशी मी मुद्दाम हरले, आणि तुमच्या ते लक्षात आलं.

परत मी क्लासवर आलेच नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा दातिवऱ्याला तुमच्या घरी, तुमच्या पत्नीला भेटायला आले होते. बाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "सगल्यांना सांगायचे, आमच्या खेलावर पोरीला नोकरी लागली. तू तिथं सरांचं नाव काढलंस, याचा त्यांना लय आनंद होता." म्हणजे तुम्ही त्यांना तसं सांगितलं होतं. मी मान हलवली आणि त्यांनी दिलेला चहा प्यायले.

म्हणून हे पत्र त्या पत्त्यावर टाकता येणार नाही. बाई अजून आहेत, त्या वाचतील. आणि वर मी जे लिहिलं, की त्यांनी तसं धरलं आणि मी गप्प राहिले, ते मी इतकी वर्षं घरीही सांगत आलेय. तसं झालं नव्हतं, सर. त्या तिघांतल्या वयस्कर गृहस्थांनी मला सरळ विचारलं होतं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही."