तुझं इंजिन चालू होतं

प्लेनो, टेक्सस
१५ जुलै १९८४

प्रिय भानुदास,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. कमलाचे गुडघे कुरकुरतात, पण लायब्ररीतली नोकरी सोडायला ती तयार नाही. दीपाला मे महिन्यात मुलगी झाली हे तुला कळवलंच होतं. कमला तिच्याकडे शिकागोला राहून आली आणि येताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून एवढा किराणा घेऊन आली की अजून घरातल्या कपाटांना हिंगाचा वास येतो. माझं ऑफिस चालू आहे. ऊन यंदा असं आहे की आपल्याकडचा मे आठवावा. फरक एवढाच, की इथे कुणी पायी चालत नाही. एसी गाडीतून उतरायचं आणि एसी इमारतीत शिरायचं, त्यामुळे उन्हाबद्दल तक्रार करायलाही सोबत मिळत नाही. म्हणून तुझ्याकडे करतो.

मागच्या रविवारी राजीव मला डॅलसला मोटारींची शर्यत बघायला घेऊन गेला. ग्रां प्री. एकाच माणसाला बसता येतं त्या गाड्यांची. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिकिटं दिली होती. मी आधी टाळत होतो. इतक्या वर्षांत मी अशी एकही शर्यत पाहिलेली नाही, टीव्हीवर लागली तरी उठून दुसऱ्या खोलीत जातो. पण मोठा झालेला मुलगा आपण होऊन कुठे चला म्हणतो, तेव्हा नाही म्हणवत नाही.

उन्हाने रस्त्याचं डांबर सुटत होतं. गाड्या घसरून भिंतींना लागत होत्या. अगदी शेवटी एका चालकाची गाडी अंतिम रेषेच्या अलीकडे बंद पडली. तो उतरला, गाडी ढकलू लागला, आणि ढकलता ढकलता तिथेच कोसळला. आमच्या भोवतीची माणसं उभी राहिली. मीही राहिलो, आणि मला रडू फुटलं. राजीवला वाटलं मला ऊन लागलं. त्याने मला धरून स्टँडमागच्या सावलीत नेलं आणि डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं.

"बाबा, आर यू ओके?"

मी म्हणालो, "मीही एकदा शर्यतीत अशी गाडी चालवली आहे."

"यू? अशी?"

"इतकी मोठी नाही. तिला मोटरसायकलचं इंजिन होतं. पण बसायला एकच जागा होती आणि शर्यत खरी होती."

तो माझ्या शेजारी जमिनीवरच बसला. मग मी त्याला सगळं सांगितलं.

भानुदास, घरी कुणाला सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. शिष्यवृत्ती सरकारची. नागपूरची दोन पोरं इंग्लंडात जाऊन शर्यतीच्या मोटारी पळवतात हे लंडनच्या हाय कमिशनला कळलं असतं, तर दोघांनाही पहिल्या बोटीने परत धाडलं असतं. पुढे ती भीती गेली, पण गप्प राहण्याची सवय राहिली. माझ्या पाठीवरच्या डागांची कमलाला माहीत असलेली कथासुद्धा मोटरसायकलच्या अपघाताचीच. तर ते वचन मी मोडलं. आता मोडलंच आहे तर तुझ्याशीही एकदा बोलू दे. कारण तो दिवस मी कसा पाहिला, हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही.

कॉव्हेंट्रीतला पिकरिंग तुला आठवत असणारच. त्याने त्याच्या गॅरेजात शर्यतीच्या दोन गाड्या बांधल्या होत्या, एक स्वतःसाठी आणि एक मुलासाठी. मुलाला सक्तीच्या लष्करी नोकरीवर मलायाला पाठवलं, आणि पिकरिंगचं पोट इतकं सुटलं की तो स्वतःच्या गाडीत मावेना. आपण कारखान्यातल्या प्रशिक्षणातून सुटलो की त्याच्याकडे जायचो ते त्याच्या पेटलेल्या शेगडीसाठी आणि चहासाठी. एका शनिवारी त्याने आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघं बारीक आहात." झाली निवड. बाहेर आल्यावर तू रस्त्यात हसत सुटलास. म्हणालास, "काय बे देवा, जन्मात पहिल्यांदा कोणी आपल्याला आडनाव न विचारता निवडलं. आणि तेही हडकुळे म्हणून."

आणि मग चोपन्नच्या ऑगस्टमधला तो दिवस. युद्धातला जुना विमानतळ, धावपट्टीवर आखलेला मार्ग, कडेला गवताचे भारे आणि रिकामी पिंपं. रग पांघरून सँडविच खाणारी माणसं. छापील कार्यक्रमात तुझ्या नावाचे मधोमध दोन तुकडे केले होते आणि माझं तर कुणाला वाचताच येईना. ध्वनिक्षेपकावरचा माणूस शेवटी आपल्याला "पिकरिंगचे दोन भारतीय" म्हणू लागला.

तू उत्तम चालवायचास. मी वळणावर आधी ब्रेक लावायचो आणि मग विचार करायचो. शर्यत थोडीच उरली होती. तू दुसरा होतास, पहिल्याच्या गाडीतून धूर निघू लागला होता, आणि तू जिंकणार हे मैदानावर सगळ्यांना दिसत होतं. मी इतका मागे की तू एक अख्खी फेरी पुढे जाऊन मला मागून गाठलंस. आरशात तुझी निळी गाडी दिसली तेव्हा मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मी तुला वाट द्यायला कडेला सरलो. जरा जास्तच सरलो. मागचं चाक गवतावर गेलं, पिंपाला लागलं आणि गाडी उलटली.

पट्टा नव्हता, डोकं वाचवणारी लोखंडी कमान नव्हती. मी कुशीवर, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि बरगड्यांवर गाडीची कड. गाडीत मेथॅनॉल होतं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही हे तुला सांगायला नको. मला फक्त पाठीला भाजत होतं आणि नाकासमोरचं गवत आपोआप काळं पडताना दिसत होतं. माझं इंजिन बंद झालं होतं. पण जवळच दुसरं एक इंजिन चालू होतं. ते ठोके मी झोपेतही ओळखले असते, त्याच्या झडपा आपण दोघांनी मिळून घासल्या होत्या. मग तुझे बूट दिसले. तू म्हणालास, "देवा, मान आत घे बे." आणि गाडी वर उचलली गेली.

मार्गाच्या कडेला उभे असलेले ते टोपीवाले म्हातारे मार्शल पाण्याच्या बादल्या घेऊन धावले आणि त्यांनी मला बाहेर ओढलं. तोवर गाडी तू एकट्याने धरून ठेवली होतीस, तापलेल्या धुराच्या नळीला हात घालून. तुझ्या बाह्या पेटल्या होत्या आणि कुणालाच ते दिसत नव्हतं. मला गवतावर निजवलं तेव्हा तुझ्या गाडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तेव्हा, भानुदास. त्याआधी नाही.

दुसऱ्या दिवशी तू इस्पितळात माझ्या पलंगाशी आलास. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मला तुझ्याकडे बघवेना. तू म्हणालास, "काहून रडून राहिला बे? माझं इंजिन तसंही बंद पडलं होतं. थांबावंच लागलं. थांबलो, तर समोर तू."

मी "हो" म्हणालो. तेव्हापासून मी हो म्हणत आलो आहे.

तू असं का सांगितलंस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. परक्या मुलखात आपण दोघंच. मी उरलेला जन्म तुझ्यापुढे मान खाली घालून वावरावं हे तुला नको होतं. तुला तुझा मित्र जसा होता तसाच परत हवा होता. म्हणून मीही ते खरं धरून चाललो. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी आभाराचा शब्द काढायला गेलो, तेव्हा तू चहा मागवलास, नाहीतर हवामानाचं काढलंस.

तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. आपल्या तुकडीत तुझ्यासारखी रेघ कुणाची नव्हती. तू डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिकलास, आणि नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये पोरांना ड्रॉइंगच शिकवलंस. त्या पोरांपैकी एक इथे माझ्या ऑफिसात आहे. तो म्हणतो, सर फळ्यावर हाताने गोल काढायचे तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. मी त्याला तुझ्या हाताबद्दल काही सांगितलं नाही. फक्त त्याला जेवायला घरी बोलावलं, आणि तुझ्याबद्दल बोलता बोलता त्याला जायला उशीर झाला.

अजून एक गोष्ट आहे. बहात्तर साली मी नागपूरला आलो होतो, तेव्हा अंबाझरी तलावाच्या बांधावर आपण शेंगा खात बसलो होतो. तू एकदम म्हणालास, "मी तुझ्या मागे इतकं जवळ यायला नको होतं, देवा. जरा दम धरला असता तर तू कडेला गेला नसतास." मला काही सुचायच्या आत वहिनींनी हाक मारली आणि आपण उठलो. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. पण त्या दिवशी मला समजलं, की मी जसा ते इंजिन मनात घेऊन फिरतोय, तसा तूही काहीतरी घेऊन फिरतोयस.

त्याचं उत्तर तेव्हा द्यायला हवं होतं, ते आज देतो. तू पुरेसं अंतर ठेवलं होतंस. मी आरशात तुला लांबूनच पाहिलं होतं आणि माझ्याकडे हवा तेवढा वेळ होता. तू जिंकावंस म्हणून मी खुशीने बाजूला झालो आणि गाडी मला सावरता आली नाही, कारण मी वाईट चालवायचो. तुझा त्यात काही दोष नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आणि हे मीच सांगू शकतो.

शर्यतीहून घरी येताना गाडी राजीव चालवत होता. मध्येच म्हणाला, "भानुदासकाकांना माहीत आहे? दॅट यू हर्ड हिज इंजिन?"

"नाही."

"बाबा, यू हॅव टू टेल हिम."

"त्याला आवडणार नाही."

"सो व्हॉट? आय ॲम हिअर बिकॉज ही स्टॉप्ड. दीपाताई, तिची बेबी, ऑल ऑफ अस. मलाही थँक यू म्हणायचंय."

मी म्हणालो, सवडीने लिहीन.

मग मंगळवारी लतिकावहिनींचा फोन आला. हे पत्र खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. पण मी किराण्याचं आणि उन्हाचं लिहीत बसलो, कारण पुढचं लिहायला हात होत नव्हता. वहिनींवर रागावू नकोस. त्या म्हणाल्या, "ह्यांना कळू देऊ नका मी फोन केला ते. मुंबईचे डॉक्टर आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात." मी विचारलं, त्याला माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "सगळं माहीत आहे. आणि मलाच समजावतात, काही नाही, साधं पित्त आहे म्हणून."

मला फोनवर हसू आलं. तू जराही बदलला नाहीस. पण या वेळी मी हो म्हणणार नाही, भानुदास. वहिनींनाही म्हणायला लावू नकोस. त्यांना तुझ्याजवळ बसून रडू दे, आणि तुलाही वाटलं तर रड.

मी येतोय. कमला आणि राजीव बरोबर आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला उतरू आणि तिथून सरळ नागपूर. कमलाला आता सगळं ठाऊक आहे. ऐकून झाल्यावर ती उठली आणि तुमच्या दोघांसाठी न्यायच्या वस्तू बाजूला काढू लागली. दीपाने बाळाचा फोटो पाठवला आहे, तो मी हातात देईन. तू तो नीट बघावास अशी माझी इच्छा आहे. ती आमच्या घरात येण्याआधी खूप वर्षं, एका परक्या मैदानात, तू जिंकत आणलेली शर्यत सोडून गाडीतून उतरलास. त्या मुलीचं सगळं आयुष्य तिथून आलं आहे.

मी आलो की तुझ्या खाटेशी बसेन आणि एकदाच, शांतपणे, आभार मानेन. तेवढा वेळ तू चहा मागवू नकोस, हवामानाचं काढू नकोस. ऐकून घे. मग पूर्वीसारखा मला शिव्या दे, मी ऐकत बसेन.

वहिनींना नमस्कार.

तुझ्यामुळे असलेला,
देवा