ती जागी असताना ये

कारेगाव, ता. शिरूर
५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

प्रिय करिश्मा,
ताईचा सप्रेम जय भीम.

इकडे मी, तुझे दाजी आणि अक्षदा मजेत आहोत. बाळाचं वजन भरतंय हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू हसशील. पण फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू "व्हय ताई, कळलं" म्हणतेस आणि मला गप्प बसवतेस. कागदापुढे तुझं ते चालणार नाही. शेजारच्या पोपटरावांचा टेम्पो उद्या भाजी घेऊन दौंडला येतोय, त्यांच्या हाती देते.

काल तू म्हणालीस, "रविवारी अक्षदाला न्यायला येते. दुपारी ती झोपली की उचलू आन् गाडीत घालू, म्हंजी रडायची न्हाई." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते "बरं" कालपासून मला टोचतंय.

तुझी लेक तुझ्याकडे येणार, यात माझं काही म्हणणं नाही. बाळ दिवसांआधी झालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तुझ्या दवाखान्याच्या फेऱ्या संपेनात, म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस. तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. आता माझ्या अंगणवाडीत बाकीच्या पोरांना दटावून रांगेत बसवते. शिक्षिका कोण, ती की मी, असा प्रश्न पडतो.

आमच्याकडे बहुतेक पोरं कंपनीतल्या कामगारांची. सकाळी आया सोडायला येतात आणि नजर चुकवून पळतात. आमच्या मदतनीस चांगुणाबाई या कामात पटाईत. "ती बघ चिमणी," म्हणायच्या, पोरानं मान वळवली की आई फाटकाबाहेर. मग ते पोर दिवसभर कशात रमत नसे. खिचडी खातानाही एक डोळा दाराकडे. मी ते बंद केलं. आईनं पोरासमोर बसायचं, "मी जाते, संध्याकाळी येते" असं सांगायचं आणि मगच जायचं. सुरुवातीला एवढा आरडाओरडा झाला की समोरचे किराणावाले चौकशीला आले.

चांगुणाबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमी पोरांना उगं रडवताय."

रडू देत, म्हटलं. आई गेली म्हणून रडणारं पोर थोड्या वेळानं खेळायला लागतं. आई कधीही, न सांगता नाहीशी होते हे ज्याला कळलं, त्याला मी कसं खेळवू?

बिहारकडच्या एका बाईला हे पटतच नव्हतं. "दीदी, ये रोएगी तो मैं जा ही नहीं पाऊँगी." मी म्हटलं, "तो आप भी थोड़ा रो लीजिए." ती रोज ओढणी तोंडाला लावून जायची. आता तिची मुलगीच तिला फाटकाकडे ढकलते, बस चुकेल म्हणून.

मला शिकवण्यातलं फार कळतं असा माझा दावा नाही. पण लहान पोराला फसवायचं नाही, एवढं मी घट्ट धरलंय. त्याच्या भल्यासाठी म्हणून तर मुळीच नाही, कारण त्यात बहुतेक वेळा सोय आपलीच असते.

तू तिला घालणार आहेस त्या नर्सरीचंही सांगते. तिथल्या मॅडमना आत्ताच एबीसीडी गिरवून हवी आहे म्हणालीस. गिरवेल गं. आधी तिला पीठ मळू दे, मटार सोलू दे, बोटांत जोर येऊ दे. सांडेल, पसारा होईल, तू चिडशील. खुशाल चिड. फक्त बाळाकडे बोट दाखवून "आता तू मोठी झालीस" म्हणू नकोस. तीही अजून लहानच आहे.

बघ, मी पुन्हा अंगणवाडीची बाई झाले आणि मुद्द्याचं टाळलं. झोपेत उचलू, असं तू म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं. झोपलेलं पोर गळ्याला मिठी मारत नाही. एवढ्या आयांना मी दारात थांबवते, आणि माझ्यावर वेळ आली तर मलाच पळायचं होतं. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठणार आहे, करिश्मा. माझा फार जीव आहे तिच्यावर. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण तुला वाटलं असतं मी तिला द्यायला कुरकुरतेय. आणि थोडी कुरकुरत होतेच.

आज पोरं घरी गेल्यावर तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "रविवारी आई येणार हाय. तू आईसंगं दौंडला जायचं. मी हितंच राहणार." तिनं मला दोन्ही हातांनी मारलं, आणि अशी रडली की चांगुणाबाई हातातला झारा घेऊनच धावत आल्या. मी तिला गप्प केलं नाही, नुसती धरून बसले. बऱ्याच वेळानं नाक पुसत तिनं विचारलं,

"बाळाला दात हायत का?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, "आईला इचार." तेव्हापासून तेच चाललंय. दात नसले तर बाळ खिचडी कसं खाणार, मग म्हणे मीच कुस्करून भरवणार, बाळाला ताट लागंल का वाटी. मी सोबत नसणार, याचं तर ती नावही काढत नाही. जरा वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं.

म्हणून रविवारी सकाळीच या. बाळालाही आणा. सगळे मिळून जेवू. ती जागी असेल, आपल्या पायांनी गाडीत चढेल. तिच्या पप्पांना, सम्राटरावांना, सांगून ठेव, ती रडली तर "मावशी मागून येतीय" असं चुकूनही म्हणायचं नाही. तू नुसतं तिला जवळ घे. आणि मी रडले तर मलाही कुणी गप्प करायचं नाही.

गाडी वळेपर्यंत मी रस्त्यावरच उभी राहीन. तिनं मागं बघितलं तर मी तिला दिसले पाहिजे.

तुझी ताई, अक्षदाची मावशी,
रश्मी