झाकणाला भोकं

ता. ३, सोमवार

लेकीला सातवा लागला. भाताशिवाय तिच्या पोटात काही ठरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तांदळात जमिनीतलं, पाण्यातलं आर्सेनिक उतरतं. अगदी थोडं, पण रोज रोज पोटातल्या बाळाला बरं नाही. "भात बंद नको, काका. भरपूर पाण्यात शिजवा आणि ते पाणी काढून टाका."

जन्मभर कारखान्यात फिटरकी केली. आता धातू भातात निघाला!

ता. ४, मंगळवार

स्वयंपाक माझ्याकडे. पाणी ओतायला गेलो — अर्धा भात मोरीत! लेक हसून हसून बेजार. मला नाही हसू आलं.

ता. ६, गुरुवार

जुन्या झाकणाला ड्रिलने भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या. एक शीत बाहेर येत नाही! लेकीने दोनदा वाढून घेतलं. तिची आई असती तर म्हणाली असती, इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं हे डोकं?

ता. ९, रविवार

एवढं दाट, पांढरंशुभ्र पाणी. मोरीत ओतणं जिवावर येतं. खालच्या मजल्यावरची टेलरबाई एकटी, दिवसभर मशीनवर वाकलेली. तिची पोरगी दहा महिन्यांची, नुसती काडी. विचारून टाकलं.

"द्या की काका! वाटीने पाजीन तिला."

ता. १०, सोमवार

दिलं. चाटूनपुसून संपवलं म्हणे.

ता. १७, सोमवार

रोज किटली खाली जाते. छोटी मला बघितलं की हात पसरते. टेलरबाईने माझ्या शर्टाची विरलेली कॉलर उलटवून दिली. म्हणाली, "काका, तुमच्या पाण्यावर पोरगी बाळसं धरतेय बघा." बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ता. २१, शुक्रवार

तपासणी झाली. बाळ छान वाढतंय! डॉक्टरीणबाईंना झाकणाचं कोण कौतुक! माझी कॉलर आपोआप ताठ.

ता. २२, शनिवार

किटली भरत होतो. लेकीने विचारलं, "हे कुठे नेता रोज?" सांगितलं. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, भातातलं जे काढायचं, ते ह्या पाण्यातच तर येतं!"

किटली मोरीत रिकामी केली. आपलं बाळ सांभाळलं मी, आणि टेलरबाईचं? तसाच खाली गेलो. छोटीने नेहमीसारखे हात पसरले.

टेलरबाईला म्हटलं, "मशीन जरा थांबव."