आठ भोकांचा पुठ्ठा

धुळे, मंगळवार, मार्च १९८९

आज गॅरेजात पहिल्यांदा मारुतीच्या इंजिनाचं हेड खोललं. सवयीने आठ भोकांचा पुठ्ठा शेजारी घेतला होता. अ‍ॅम्बेसेडरमध्ये कॅम खाली, व्हॉल्व्ह वर. मधले आठ पुशरॉड, कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणाऱ्या सळ्या, काढले की त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचायचे. ह्या मारुतीत कॅमच वर. पुशरॉड नाहीतच.

माझे भागीदार नाना कायम म्हणायचे, "पुशरॉड नही, ते कसानं इंजिन शे?" मी म्हणायचो, हलकं चालेल, आवाज कमी करेल. खोलण्याआधी चालवून पाहिली, तसंच निघालं. "नाना, बघा," म्हणत मागे वळलो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. परवाच तर नानांचं तेरावं जेवून आलो.

रडू का येत नाही, कळत नाही. पुठ्ठ्यावरचे आकडे नानांच्या हातचे. रिकामाच परत खिळ्याला लावला.