किल्ली रुडीकडे दे

फीनिक्स, डिसेंबर २००८

लाडक्या आईस,

अगं, काल आमच्या शहरात ट्राम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ती मी चालवली! गर्दी तर विचारूच नकोस. जन्मभर मोटारीत बसलेली माणसं ती. बाकावर टेकली की सीटबेल्ट शोधायची!

एक ऐंशीचे आजोबा दिवसभर उतरेचनात. शेवटच्या थांब्यावर म्हणाले, "डोळे अधू झाले म्हणून पोरांनी माझी मोटार काढून घेतली. आता ही घ्या म्हणावं काढून!" सगळा डबा हसला. मला मात्र तू आठवलीस.

मोटार पुन्हा फाटकाला घासलीस म्हणे? धाकट्या रुडीवर ओरडू नकोस, मीच त्याला खोदून विचारलं.

ट्रामचा थांबा माझ्या दारासमोरच आहे. किल्ली रुडीकडे दे आणि इकडे ये. सीटबेल्ट शोधलास तरी हसणार नाही.

तुझी ट्रामवाली,
लुपिता